आठचा वर्ग आणि पोळ्यांची वेळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी शिकवते. सहा वर्षांपासून तिथल्या दूरशिक्षण अभ्यासकेंद्राची संयोजक आहे. बी.ए.चे 140 विद्यार्थी आहेत. पूर्वी दर रविवारी संपर्कसत्र, म्हणजे केंद्रात समोरासमोरचा वर्ग, व्हायचा, चाळीस-पन्नास जण यायचे. यंदा आम्ही ते बंद करून सोमवार ते शुक्रवार रात्री आठ ते नऊ लाइव्ह ऑनलाइन वर्ग सुरू केले. कल्पना माझीच होती. लांबच्यांची सोय होईल असं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात साठ जण आले, गणपतीनंतर तीस, आता अकरा. सगळ्यांचे कॅमेरे बंद. ‘ऐकू येतंय का?’ विचारलं तर कोणी बोलत नाही. रेकॉर्डिंगची लिंक टाकते, तीही कोणी उघडत नाही. सहकारी म्हणतात, यांना शिकायचं नाही, डिग्री हवी आहे. प्राचार्य म्हणतात, ऑनलाइन हजेरी सक्तीची करा. मला वाटायला लागलंय की इंटरनेट आपल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी नाहीच, पुन्हा रविवारचे वर्ग सुरू करावेत. पण रविवारी न येणारे नव्वद जण तेव्हाही होतेच. काय करू?

मॅडम,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. नव्वद जण तेव्हाही येत नव्हते. हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही, आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. रविवारी सकाळी दहाला येऊ शकणारा विद्यार्थी म्हणजे ज्याला रविवारची सुट्टी आहे, ज्याच्या घरून ‘कुठे चाललीस?’ असा प्रश्न येत नाही, जो केंद्रापासून फार लांब राहत नाही. दूरशिक्षण निघालं ते उरलेल्या नव्वदांसाठी. तेव्हा आधी एक काम करा. रविवारचं जुनं हजेरीपत्रक काढा आणि हे अकरा जण त्यात आहेत का ते बघा. बहुतेक असतील. म्हणजे वर्ग रविवारचा रात्री आठला गेला आणि खोलीतून फोनवर आला, पण येणारी माणसं तीच राहिली.

आता आठ ते नऊ या तासाचाच विचार करू. तुमच्या यादीत निम्म्याहून जास्त बायका असणार, माझ्या यादीत कायम असायच्या. आठ ते नऊ ही पोळ्यांची वेळ. मॉलमध्ये किंवा दुकानात काम करणारी मुलगी तेव्हा काउंटरवर उभी असते. सिक्युरिटीतला मुलगा रात्रपाळीला निघालेला असतो. ठाण्याच्या पलीकडे राहणारे तर बदलापूर फास्टमध्ये एका हाताने कडी धरून उभे असतात. घरी असलेल्यालाही दहा बाय दहाची खोली, टीव्ही चालू, सासरे जेवायला बसलेले. अशा खोलीत कॅमेरा सुरू करून ‘येस मॅडम’ म्हणायला धीर लागतो. ऐकू येत असतं हो. बोलता येत नसतं.

म्हणून माझी पहिली सूचना तंत्राची नाही. वर्गात न दिसणाऱ्यांपैकी वीस जणांना फोन करा. ‘वर्गाला का येत नाही?’ असं विचारू नका, त्यावर फक्त ‘सॉरी मॅडम’ मिळेल. ‘काल रात्री आठ वाजता तुम्ही कुठे होता?’ असं विचारा. हातातला फोन स्वतःचा की घरातला, संध्याकाळपर्यंत नेटपॅक किती उरतो, आणि पुस्तकातलं शेवटचं काय वाचलं, हेही विचारा. वीस फोन म्हणजे दोन संध्याकाळी. त्यातून जे कळेल ते कुठल्याही तज्ज्ञाकडून कळणार नाही, माझ्याकडूनही नाही.

नेटपॅकचा हिशेब तर करूनच बघा. बऱ्याच घरांत रोज दीड जीबीचा पॅक असतो आणि तो फोन शाळेतल्या मुलाच्याही हातात असतो. तासाभराच्या लाइव्ह वर्गाला अर्ध्या जीबीच्या पुढे सहज लागतं. रात्री बाराला नवा पॅक सुरू होईपर्यंत उरलेल्यात भागवायचं असतं. आईचा इतिहासाचा तास की मुलाचा प्रोजेक्ट, हा निर्णय त्या घरात रोज होतो आणि आई रोज स्वतःला मागे ठेवते. याला ‘शिकायचं नाही’ म्हणणं मला जड जातं.

मी स्वतः वीसेक वर्षं समंत्रक म्हणून, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी-मार्गदर्शन करणारी म्हणून, काम केलं. मानखुर्दच्या एका पुनर्वसन इमारतीतली एक विद्यार्थिनी होती, तीन घरी स्वयंपाक करायची. एकदा म्हणाली, ‘मॅडम, मला पुस्तक वाचता येत नाहीये.’ मला वाटलं, भाषा अवघड जाते आहे. तिने फोन पुढे केला. पडद्याचा कोपरा फुटलेला. पुस्तक म्हणून आमच्या केंद्राने पाठवलेली पीडीएफ म्हणजे छापील पानांचे फोटो होते, एका फोटोत दोन पानं, तीही तिरकी, आणि कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा. अक्षर दिसावं म्हणून मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची. बोटाने उजवीकडे सरकवायचं, ओळ संपली की पुन्हा डावीकडे यायचं, तोवर आपण कुठल्या ओळीवर होतो तेच हरवायचं. चार रात्रींत तिची नऊ पानं झाली होती. फाइल जवळपास शंभर एमबीची. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून तिने मुलाच्या बारशाचे व्हिडिओ काढून टाकले होते. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

पुस्तकातला तो घटक, म्हणजे तो पाठ, मी आणि एका सहकाऱ्याने पुन्हा टाइप केला. एकच रकाना, मोठं अक्षर, फोनच्या रुंदीला बसेल असं पान. फाइल एक एमबीचीही झाली नाही. आठवड्याने ती आली ती प्रश्न घेऊन. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली रात्रशाळा काढली, त्यावरचा धडा होता. तिने विचारलं, ‘रात्रीची शाळा ठीक आहे, पण बायकांना रात्री घराबाहेर पडायला मिळायचं का?’ कुठल्याही गाइडात मला असा प्रश्न दिसलेला नाही. तीच बाई आमच्या हजेरीपत्रकात ‘अनियमित’ होती.

तुमची एक समजूत मला दूर कराविशी वाटते. इंटरनेटवर शिकवायचं म्हणजे व्याख्यान लाइव्ह दाखवायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. यात तुमची एकटीची चूक नाही, मोठमोठ्या संस्थांनी हेच केलं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1984 पासून यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ ही मालिका दूरदर्शनवर लागायची. 20 सप्टेंबर 2004 ला तर शिक्षणासाठी खास एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. आफ्रिकेत 1997 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी सुरू झाली, तेव्हा अमेरिका-युरोपातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं उपग्रहावरून तिथल्या वर्गांत उतरवली जायची. दरवेळी तंत्र नवं आलं, व्याख्यान मात्र वरून खाली येत राहिलं. खालून वर प्रश्न जायची वाट अरुंदच राहिली.

याउलट एक उदाहरण मला फार आवडतं. पॅसिफिक महासागरात विखुरलेल्या बेटांचं मिळून एक विद्यापीठ आहे, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक. मुख्य ठिकाण फिजीतलं सुवा, आणि बारा देश त्याचे भागीदार. 1970 च्या दशकात त्यांनी नासाचा जुना झालेला एटीएस-1 उपग्रह वापरला आणि तोही फक्त आवाजासाठी. चित्र नाही, फळा नाही. एका बेटावरचा विद्यार्थी बोलायचा, सुव्यातला शिक्षक ऐकायचा आणि उत्तर द्यायचा. हजारो किलोमीटर समुद्र मधे असताना त्यांनी हाताशी असलेलं तंत्र आधी संभाषणासाठी लावलं. तुमच्या विद्यार्थ्याच्या खिशातला साधा फोनही त्या सोयीपेक्षा कितीतरी पुढे आहे.

आता वेळेचा हिशेब. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे विद्यार्थ्याचा 30 तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांच्या विषयाला 120 तास. तुम्ही त्या विषयाचा आठवड्याला एक तास घेतलात तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात पंधरा तास झाले. उरलेले 105 तास तो एकटा असतो. पुस्तक समजत नाही, विचारायला कोणी नाही, लिहिलेलं बरोबर आहे की नाही ते कळत नाही. इंटरनेट वापरायचं ते या 105 तासांसाठी. पंधरा तासांचं व्याख्यान फोनवर आणून त्याचं एकटेपण कमी होत नाही.

मग करायचं काय? एकच विषय घ्या, तुमचा स्वतःचा. लाइव्ह वर्ग थांबवा. पहिल्या घटकाचा मजकूर माझ्या त्या विद्यार्थिनीला वाचता येईल असा टाइप करून घ्या. त्याच्या जोडीला आवाजाची छोटी ध्वनिफीत करा, फार तर वीस मिनिटांची. पंखा बंद करून, फोन तोंडाशी धरून बोलायचं. स्टुडिओ लागत नाही. सुरुवातीलाच सांगा की पुस्तकाचं अमुक पान उघडा. नुसत्या बोलण्याला 32 केबीपीएस हा रेकॉर्डिंगचा कमी दर पुरेसा होतो आणि त्या दराने वीस मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते. ती एकदा उतरवली की लोकलमध्ये रेंज गेली तरी चालू राहते, पोळ्या लाटतानाही ऐकता येते. आमच्या एका विद्यार्थ्याने अर्थशास्त्राचा अख्खा पेपर असा गोदामात माल लावताना ऐकून काढला होता.

यापेक्षा महत्त्वाचं, उत्तराची वेळ ठरवून जाहीर करा. मंगळवार आणि शुक्रवार, तुम्हाला सोयीच्या तासाला. प्रश्न कधीही पाठवावा, उत्तर त्या दोन दिवशी नक्की मिळेल. प्रश्न बोलून पाठवायला सांगा. अनेकांना फोनवर मराठी टाइप करणं अवघड जातं, काहींना आपल्या शुद्धलेखनाची लाज वाटते, बोलताना ती अडचण राहत नाही. आलेल्या प्रश्नांतले चार-पाच निवडून नाव न घेता सगळ्यांसाठी एकच उत्तर रेकॉर्ड करा. ‘हा प्रश्न फक्त मलाच पडला नव्हता’ हे कळलं की माणूस टिकतो. आणि तुमच्या पाचऐवजी दोनच संध्याकाळी जातील. तुम्ही पत्रात स्वतःच्या घराबद्दल काही लिहिलं नाहीत, पण रोज आठ ते नऊ तुमच्याही घरी पोळ्या कोणीतरी करतच असेल.

हे करताना एक जपा. सगळ्यांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. 140 जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. रात्री-अपरात्री मेसेज आल्यामुळे एका मुलीचा फोन घरच्यांनी काढून घेतला आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं, हे मी पाहिलं आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला असेल त्यांनाच त्या यादीतला मेसेज पोचतो, म्हणून वीस फोन करताना तेही सांगून टाका. नंबर केंद्राचा वेगळा घ्या, तुमचा घरचा देऊ नका.

आता स्वाध्याय. माझ्या लेखी दूरशिक्षणाचा जीव इथे आहे. यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीप्रमाणे अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला किमान 70 टक्के भार असतो. पण प्रश्न तीस गुणांचा नाही. मुंबई विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण 1971 मध्ये सुरू झालं. त्या काळी शिकलेले एक गृहस्थ मला भेटले होते, गिरणीत होते. त्यांनी तपासून आलेली एक उत्तरपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली होती. समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘मुद्दा चांगला. उदाहरण तुमच्या गिरणीतलं का दिलं नाहीत?’ तपासणाऱ्या बाईंना किंवा सरांना ते कधी भेटले नव्हते. पण वाचणाऱ्याने आपण कोण आहोत ते लक्षात ठेवलं, एवढ्यावर त्यांनी पुढची दोन वर्षं काढली.

आज हे काम पोस्टापेक्षा किती सोपं आहे बघा. विद्यार्थी हाताने लिहितो, फोटो काढून पाठवतो. तुम्ही दहा दिवसांच्या आत दोन ओळी परत पाठवता: काय जमलं आहे आणि पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं. ‘ठीक’, ‘सुधारणा करा’ असले शेरे नकोत. वेळ लागेल, हे मान्य. एका उत्तराला दहा मिनिटं धरली तर 140 जणांचे साधारण 23 तास होतात. पण तुम्ही लोक आठवड्याला पाच तास लाइव्ह घेता, म्हणजे पाच आठवड्यांत 25 तास झाले, आणि ते अकरा जणांसाठी. समंत्रकांमध्ये वाटून घेतलंत तर एकेकाच्या वाट्याला फार येत नाही.

रविवारचं काय, हे तुम्ही विचारलंत. पूर्ण बंद ठेवू नका, आणि दर आठवड्यालाही नको. महिन्यातून एक रविवार, तारखा सत्राच्या सुरुवातीलाच सांगितलेल्या, म्हणजे रजा मागता येते. त्या दिवशी व्याख्यान देऊ नका, ते फोनवर आहेच. प्रश्नपत्रिका घेऊन बसवा, तासभर लिहायला लावा, शेजाऱ्याचं उत्तर वाचायला द्या. कित्येकांनी दहावी-बारावीनंतर दहा वर्षं सलग तीन पानं लिहिलेली नसतात, आणि परीक्षेत हातच दुखतो. हे नेटवर होत नाही. एकमेकांची ओळखही तिथेच होते. माझ्या दोन विद्यार्थिनी अशा एका रविवारी भेटल्या, दोघी दिवा इथे राहणाऱ्या निघाल्या आणि मग तीन वर्षं एकाच पुस्तकावर अभ्यास केला.

प्राचार्यांशी बोलताना एक मुद्दा हाताशी ठेवा. यूजीसीच्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची मान्यताही वेगळी घ्यावी लागते. तुमच्या मुलांनी प्रवेश घेतला आहे दूरस्थ अभ्यासक्रमाला, ज्यात छापील स्वयंअध्ययन साहित्य आणि संपर्कसत्रं धरलेली असतात. केंद्राने परस्पर ती बंद करणं योग्य आहे का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. भांडायची गरज नाही, नुसतं पत्र पुरतं. आणि ऑनलाइन हजेरीची सक्ती मुळीच मान्य करू नका. सक्ती केली की 140 फोन लॉग-इन होतील आणि ओट्यावर उलटे ठेवलेले असतील. आकडा सुधारेल, आणि खरं काय चाललंय ते कळायची उरलीसुरली वाटही बंद होईल.

‘डिग्रीच हवी आहे’ या वाक्याबद्दल. हो, काहींना डिग्रीच हवी असते. वॉचमनचा सुपरवायझर व्हायला किंवा खात्यातल्या बढतीला पदवी लागते, आणि ती प्रामाणिक गरज आहे. नियमित कॉलेजात येणाऱ्या मुलांनाही डिग्रीच हवी असते, त्यांना आपण हे कधी ऐकवत नाही.

तरी एक स्पष्ट सांगते. हे सगळं करूनही 140 च्या 140 टिकणार नाहीत. कोणाचं बाळंतपण येईल, कोणाची नोकरी जाईल, कोणी गावाला जाईल. त्यांना तुमचं अपयश म्हणून मोजू नका. मात्र महिनाभर ज्याच्याकडून प्रश्न नाही, स्वाध्याय नाही, अशा माणसाला एक फोन जायलाच हवा. ‘कसे आहात?’ एवढाच.

हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही थोडं. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता-यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. मान्यता असेल तर पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. केंद्रात गेलात की फी विचारण्याआधी विचारा, स्वाध्याय तपासून परत मिळतो का आणि किती दिवसांत? इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला आहे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्स 2017 पासून खुले आहेत, पण बरेचसे इंग्रजीत आहेत. मराठीतून शिकायचं असेल तर 1989 मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आणि घरात बसायला जागा नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा.

मॅडम, सुरुवात त्या अकरा जणांपासूनच करा. पुढच्या सोमवारी आठला शेवटचा लाइव्ह वर्ग घ्या आणि त्यात शिकवू नका. त्यांना विचारा, तुमच्या ओळखीचं कोण यायचं थांबलं आहे? त्यांच्याकडे दोन-तीन नंबर नक्की असतील. वीस फोनांची यादी तिथेच तयार होईल. महिन्याने मला पुन्हा लिहा. त्या फोनांवर काय ऐकलंत ते कळवा, आणि पहिल्या घटकाची फाइल किती एमबीची झाली तेही.